तारे किती अंधूक झाले, याची वही

जळकोट म्हटले की आधी विचारावे लागते, कुठले? लातूर जिल्ह्यात त्याच नावाचा तालुका आहे. इथे बोलायचे आहे ते धाराशिव जिल्ह्यातल्या, तुळजापूर तालुक्यातल्या, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटबद्दल. दिवाळी सरली की या पठारावर ढग क्वचितच दिसतो. ऊन लख्ख असते. तरीही थंडीत सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच तांबूस होतो आणि एका मळकट पट्ट्यात विरून जातो. हा पट्टा कशाचा? धुक्याचा, धुराचा की धुळीचा? तो पूर्वीही इतकाच दाट होता का? गावातली वडीलधारी माणसे सांगतात की आमच्या लहानपणी चांदण्या याहून कितीतरी जास्त दिसत. आठवण खरी असेल, पण तिला आकडा नसतो. शिवाय चांदण्या कमी दिसण्याची कारणे दोन आहेत. एक, खालच्या दिव्यांनी उजळलेले आकाश. दुसरे, मधली हवाच गढूळ होणे. नुसत्या डोळ्याला ही दोन्ही एकच वाटतात.

हवा किती गढूळ झाली याचा आकडा वर्षानुवर्षे लिहून ठेवणारी एक जमात आहे: खगोलशास्त्रज्ञ. त्यांना हवेशी खरे तर काही देणेघेणे नसते. हवा ही त्यांच्या कामातली अडचण. ताऱ्याचे खरे तेज किती हे सांगायचे तर वाटेत हवेने किती प्रकाश खाल्ला हे आधी वजा करावे लागते. किराणा दुकानात बारदानाचे वजन वजा करतात तसेच. बारदान दररोज बदलते, म्हणून ते दररोज तोलायचे. जगातल्या मोठ्या वेधशाळांत हा तोल रात्रीमागून रात्री नोंदला गेला आणि काही दशकांनी लक्षात आले की फेकून द्यायच्या या आकड्यांत पृथ्वीच्या हवेचा इतिहास साठला आहे.

मोजण्याची रीत सोपी आणि जुनी आहे. फ्रान्सचा पिएर बुगे याने १७२९ मध्ये तिचा पाया घातला. अमेरिकेचा सॅम्युअल लँगली १८८१ मध्ये हीच रीत घेऊन कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनी डोंगरावर चढला होता, म्हणून आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तारा डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेचा एक थर ओलांडून येतो. तोच तारा क्षितिजापासून ३० अंशांवर असला की प्रकाशाला दुप्पट हवा ओलांडावी लागते, १० अंशांवर असला तर साडेपाच पट. एकाच ताऱ्याचे तेज वेगवेगळ्या उंचीवर मोजले की प्रत्येक थरामागे किती घट होते ते कळते. मग हिशेब उलटा करून हवा शून्य असती तर तारा किती तेजस्वी दिसला असता तेही काढता येते.

या घटीतला एक भाग ठरलेला असतो. स्वच्छातली स्वच्छ हवाही प्रकाश विखुरतेच, म्हणून तर आकाश निळे. समुद्रसपाटीवर हिरव्या प्रकाशाचा सुमारे ९ टक्के हिस्सा या कारणाने सरळ वाटेवरून ढळतो. हा भाग हवेच्या दाबावरून काढता येतो. ओझोनचा वाटा थोडा, तोही काढता येतो. हे वजा केल्यावर उरते ती तरंगत्या सूक्ष्म कणांची करामत. धूर, धूळ, काजळी, समुद्रातले मीठ, गंधकाच्या वायूपासून तयार होणारे थेंबकण या सगळ्यांना मिळून एरोसोल म्हणतात, आणि ते किती प्रकाश अडवतात त्या मापाला एरोसोल ऑप्टिकल डेप्थ. आपण सोयीसाठी ‘धूसरांक’ म्हणू. धूसरांक ०.०५ असेल तर डोक्यावरच्या ताऱ्याचा ५ टक्के प्रकाश कणांत हरवतो, ०.५ असेल तर जवळजवळ ४० टक्के.

आणखी एक गंमत रंगात आहे. धुराचे कण बारीक असतात, ते निळा प्रकाश जास्त आणि तांबडा कमी अडवतात. वाळवंटी धुळीचे कण मोठे, ते सगळ्या रंगांना जवळपास सारखेच अडवतात. त्यामुळे दोन-तीन रंगांत मोजले की समोरचा पट्टा धुराचा की धुळीचा, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. जळकोटच्या क्षितिजावरच्या प्रश्नाला उत्तर आहे ते असे. तिथे ते कुणी मोजत नाही, इतकेच.

जिथे मोजले गेले तिथे काय दिसले? चिलीतल्या ला सिला डोंगरावर जिनिव्हा वेधशाळेच्या खगोलशास्त्रज्ञांनी १९७५ ते १९९४ या काळात चार हजारांहून जास्त रात्री ही घट सात रंगांत मोजली. त्या आलेखावर दोन उंचवटे ठळक आहेत. पहिला मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचा, १९८२ चा. दुसरा फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा, जून १९९१ चा. पिनाटुबोने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला आणि पॅसिफिक महासागराच्या पलीकडच्या डोंगरावर तारे मंदावले. त्या कणांनी जगाचे सरासरी तापमानही साधारण अर्ध्या अंशाने उतरवले. कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मा इथे कार्ल्सबर्ग दुर्बीण १९८४ पासून ताऱ्यांच्या जागा मोजत होती, पण तिच्या नोंदींत सहाराच्या धुळीचे उन्हाळी लोटही उतरले.

सर्वांत लांब वही मात्र हवाई बेटांवरच्या मौना लोआची. ही ताऱ्यांची वेधशाळा नव्हे, हवेची. तारे पाहणाऱ्या दुर्बिणी शेजारच्या मौना कीआ डोंगरावर आहेत. कार्बन डायऑक्साइडचा तो प्रसिद्ध चढता आलेख मौना लोआवरचाच. तिथेच जवळपास ३,४०० मीटर उंचीवर १९५८ पासून सूर्यप्रकाश किती आरपार येतो याचीही नोंद होत आली. स्वच्छ काळात हे प्रमाण ९३ टक्क्यांच्या आसपास असते. एल चिचोन आणि पिनाटुबोनंतर ते १० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि सावरायला काही वर्षे लागली. दर वसंतात आशियातल्या वाळवंटांची धूळ तिथवर पोचते, तेव्हा आलेखात छोटा खळगा पडतो. यातली कल्पकता दाद देण्याजोगी आहे. एकाच सकाळी सूर्य वेगवेगळ्या उंचीवर असताना घेतलेल्या वाचनांचे गुणोत्तर काढायचे. उपकरण जुने होऊन थोडे चुकू लागले, तरी गुणोत्तरात ती चूक आपोआप कटते. म्हणून १९६० च्या दशकातला आकडा आजच्या आकड्याशेजारी निर्धास्त ठेवता येतो.

या वहीने सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नकारार्थी आहे. ज्वालामुखींचे खळगे बाजूला काढले तर तिथे पारदर्शकता सतत ढासळत चालली आहे, असे दिसत नाही. १९७१ मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात मौना लोआच्या नोंदींवरून हे मांडले गेले होते. अर्थ असा की कारखाने, गाड्या आणि चुली यांचा धूर साऱ्या पृथ्वीवर एकसारखा साचत गेलेला नाही. ज्वालामुखीचे कण वरच्या थरात जातात, तिथे पाऊस नाही, म्हणून ते दोन-तीन वर्षे टिकतात. आपला धूर खालच्या थरात असतो आणि आठवडा-दहा दिवसांत पावसाने किंवा आपल्या वजनाने खाली येतो. कार्बन डायऑक्साइडसारखा तो शतकभर राहत नाही. म्हणजे जळकोटच्या क्षितिजावरचा पट्टा शे-पाचशे किलोमीटरच्या परिसरातला, आणि बराचसा गेल्या काही दिवसांतला असतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जालंधरच्या गच्चीवरून धौलाधारच्या बर्फाच्छादित रांगा दिसू लागल्या, ते यामुळेच. काही आठवड्यांत हवा निवळली होती.

डोंगरावरच्या वहीखेरीज हे सांगता आले नसते. सपाटीवरचे आकडे वाढले तर ते जगाचे वाढले की आपले, हे ठरवायला तुलनेला एक स्वच्छ जागा लागते. अशा नोंदींचा जीव मात्र नाजूक असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआ फुटला, लाव्हारसाने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली. निसर्गाचा तडाखा समजू शकतो. पण २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या प्रस्तावित अंदाजपत्रकात ही वेधशाळा चालवणाऱ्या संस्थेच्या संशोधन विभागाचा निधीच काढून घेण्याची सूचना आली. साडेसहा दशकांची वही एखाद-दुसऱ्या वर्षाच्या हिशेबात बंद पडू शकते, हे त्यातून दिसले. मधली पाने कोरी राहिली की ती नंतर पैसे देऊनही भरता येत नाहीत.

हा धडा आपल्याला नवा नसावा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे पथक सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, जेऊरला उतरले होते. जानेवारीतले दख्खनचे कोरडे, मोकळे आकाश त्यांना हवे होते. त्याच जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचेही पथक होते. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून त्यांनी १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी केली होती. २० इंची दुर्बीण होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. माणूस निवृत्त झाला की काम संपते, ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्याच्या आकाशाची शंभर-सव्वाशे वर्षांची सलग वही आज हाती असती, तर केवढे सांगता आले असते!

पुढे जवळपास शतकाने, २००६ मध्ये, पुण्याच्या आयुकाने आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू केली. डॉ. जयंत नारळीकर या संस्थेचे संस्थापक-संचालक. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हाताशी मिळालेली ही मोठी दुर्बीण आहे, तिचे मोल मानायलाच हवे. पण उंची १,००० मीटर. सह्याद्रीत याहून फार वर जायला जागाही नाही. दुपारी जमीन तापली की खालची धूळ-धुराने भरलेली हवा हजार-दोन हजार मीटर सहज चढते, म्हणजे गिरवलीचा माथा दिवसा त्याच हवेत बुडालेला असतो. पावसाळ्याचे महिने तर आकाश झाकलेलेच. (जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिला यातले काहीच नडत नाही. रेडिओ लहरी धुळीला जुमानत नाहीत. तिचे शत्रू वेगळे.) हिमालयातही सगळे आलबेल नाही. नैनितालच्या सुमारे १,९५० मीटर उंचीवरच्या मनोरा टेकडीवर उन्हाळ्याच्या दुपारी मैदानातली काजळी चढून आल्याच्या नोंदी आहेत. खरी तुलनेची जागा म्हणजे लडाखमधले हानले. ४,५०० मीटर उंची, तिथे धूसरांक सरासरी ०.०५ च्या आसपास. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दुर्बीण तिथे आहे आणि ती चालवली जाते बंगळुरूजवळच्या होसकोटेतून. डिसेंबर २०२२ मध्ये तो परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाला. दिव्यांचा बंदोबस्त त्याने होईल, धुराचा होणार नाही. धूर अधिसूचना वाचत नाही.

आता पठारावर परत येऊ. हानलेत ०.०५ असणारा धूसरांक पुण्यासारख्या शहरात हिवाळ्यात ०.४ ते ०.५ च्या घरात जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, २००४ पासून सूर्याकडे रोखलेले स्वयंचलित उपकरण हे मोजते आहे. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये देशातल्या १२ केंद्रांच्या नोंदी तपासल्या. १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश दर वर्षी चौरस मीटरमागे सरासरी ०.८६ वॉटने घटत गेला होता. २४ वर्षांत हे जवळजवळ २० वॉट होतात. त्यात ढगांचाही वाटा आहे, सगळे खापर धुरावर फोडता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. ज्या जिल्ह्यात सौर कृषी पंपांसाठी रांगा लागतात आणि कौडगावसारख्या ठिकाणी सौर प्रकल्प उभे राहतात, तिथे ही घट पुस्तकातली राहत नाही. अर्थात कणांनी विखुरलेला प्रकाशही काही प्रमाणात पॅनेलवर पोचतो, त्यामुळे ताऱ्याचा ४० टक्के प्रकाश हरवला म्हणून वीज ४० टक्क्यांनी घटत नाही. पॅनेलवर बसलेली धूळ हा वेगळा मुद्दा. ती पुसता तरी येते.

फुप्फुसे पुसता येत नाहीत. तारा मंदावणारे कण आणि छातीत खोलवर जाणारे कण बऱ्याच अंशी एकच आहेत. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाचे, नाक-घशात अडकत नाहीत. दमा, सीओपीडी, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्यांचे नाते आता वादातीत आहे. २०१९ मध्ये देशात हवेच्या प्रदूषणाशी निगडित मृत्यू १६ लाख ७० हजार झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. यात घरातल्या चुलीचा धूरही आला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅमची, आपल्या देशाचे प्रमाण ४० मायक्रोग्रॅमचे.

जळकोटचा आकडा काय? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात शंभराहून जास्त शहरे आहेत. जळकोटच्या एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला लातूर. दोन्ही त्या यादीत. मधले सगळे गाव-शिवार यादीबाहेर. जणू महामार्गावरून जाताना धूर शहराच्या जकात नाक्यावरच थांबतो. खेड्यांसाठी जे आकडे छापून येतात ते बहुतेक उपग्रहावरून काढलेले अंदाज असतात. उपग्रह धूसरांक पाहतो, त्यावरून जमिनीलगत किती कण असतील याचे गणित मांडले जाते. या गणिताला मर्यादा आहेत. धूसरांक म्हणजे जमिनीपासून आकाशापर्यंतच्या साऱ्या कणांची बेरीज. थंडीत रात्री हवेचा खालचा थर आक्रसतो, कण नाकाच्या उंचीवर दाटतात. उन्हाळ्यात तेवढेच कण उंचवर पसरतात. धूसरांक तोच, श्वासातला डोस वेगळा. पावसाळ्यात दमट हवेत कण फुगतात आणि ढगांमुळे उपग्रहाला खालचे दिसतही नाही. जमिनीवरच्या मोजणीने अधूनमधून ताडून पाहिले नाही, तर हे अंदाज वाऱ्यावरच राहतात.

आणि स्रोत? प्रत्येकाला आपल्या सोयीचा स्रोत दिसतो. कुणी सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉटच्या कोळशाच्या प्रकल्पाकडे बोट दाखवतो, कुणी महामार्गावरच्या ट्रकांकडे, कुणी खडी क्रशरकडे, वीटभट्ट्यांकडे. उसाचे पाचट आणि तुरीची धसकटे जाळणारे शेत कुणाचेच नसते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेली धूळ मुंबईवर पसरली होती, तशी दूरची पाहुणीही अधूनमधून येते. कुणाचा वाटा किती, हे भांडून ठरणार नाही. निळ्या आणि तांबड्या प्रकाशातली घट, वाऱ्याची दिशा आणि वर्षभराच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर निदान धूर आणि धूळ वेगळी करता येतील.

यासाठी दुर्बीण लागत नाही, डोंगरही लागत नाही. हातात धरून सूर्याकडे रोखायचे सन फोटोमीटर अनेक देशांत शाळा-महाविद्यालयांत वापरले जाते. आयआयटीएमने ढगांच्या बीजारोपणाच्या प्रयोगासाठी सोलापूर निवडले, तिथे कण आणि ढग मोजणारी यंत्रणा उभी केली. म्हणजे या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात विज्ञान कधी आलेच नाही, असे नाही. प्रयोग काही मोसम चालतो. वही पंचवीस वर्षे चालावी लागते. नळदुर्ग-तुळजापूरच्या एखाद्या महाविद्यालयाने रोज दुपारी तीन वाचने घ्यायची आणि प्राध्यापक बदलला तरी वही बदलायची नाही, इतके ठरवले तर काम सुरू होऊ शकते. प्राध्यापक बदलला की काय होते, ते १९१२ मध्ये पुण्याने दाखवले आहेच.

उपकरण येईपर्यंत डोळ्यांनी करता येईल असे थोडेसे आहे. लग्नात दाखवतात ती अरुंधती सप्तर्षींत वसिष्ठाला लागून आहे, चौथ्या प्रतीची, म्हणजे फिकी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सप्तर्षी ईशान्येला उगवून वर चढतात. अमावास्येच्या आसपास, दिव्यांपासून दूर, डोळे पंधरा-वीस मिनिटे अंधाराला सरावल्यावर पाहावे. क्षितिजापासून किती वर आल्यावर अरुंधती पहिल्यांदा दिसते ते हाताच्या मुठींनी मोजावे. हात लांब करून धरलेली एक मूठ साधारण १० अंशांची. हवा निर्मळ असेल तर ती खाली असतानाच दिसेल. गढूळ असेल तर बरीच वर यावी लागेल. तारीख, वेळ आणि मुठी लिहून ठेवाव्यात. गावाचे दिवे बदलले, नवा हायमास्ट लागला, तर तेही त्याच ओळीत लिहावे, म्हणजे दिव्यांचा दोष हवेच्या माथी जाणार नाही.